'कन्डोन' म्हणजे माफ करणे का? ऑफिसला उशीर झाल्यावर साहेबांना 'प्लीज कन्डोन माय लेट कमिंग' असे लिहावे का?

ठाण्यात कोर्ट नाक्याजवळ एका वकिलांकडे मी टायपिंग करते. हा शब्द रोज हाताखालून जातो, म्हणून लिहिते.

माफ करणारा आधी 'तू चुकलास' म्हणतो, मग सोडून देतो. कन्डोन करणारा चूक दिसत असूनही ती चालवून घेतो. आपल्या 'खपवून घेणे'च्या तो सगळ्यात जवळ. म्हणूनच इंग्रजीत तो बहुतेकदा नकाराला चिकटून येतो: 'वी डू नॉट कन्डोन व्हायोलन्स', हिंसा खपवून घेणार नाही. मुळात हा लॅटिन शब्द, त्यातलं 'डोन' म्हणजे देणं. डोनेशनमधलं तेच, आणि आपल्या 'दान'शीही त्याचं नातं आहे.

कोर्टात मात्र तो अगदी सरळ होकारार्थी चालतो. अपिलाची मुदत टळली की सोबत विलंब माफीचा अर्ज जोडायचा, 'कन्डोनेशन ऑफ डिले'. गंमत म्हणजे ज्या कलमाखाली हा अर्ज होतो, त्या 1963 च्या मुदत कायद्याच्या कलम 5 मध्ये 'कन्डोन' हा शब्दच नाही! 'पुरेसं कारण' दाखवलं तर मुदतीनंतरही अपील किंवा अर्ज दाखल करून घेता येईल, एवढंच तिथे म्हटलंय. (दाव्याला हे कलम चालत नाही. पक्षकार हमखास इथेच फसतात.) 1955 च्या हिंदू विवाह कायद्याच्या कलम 23 मध्ये मात्र तो आहे. क्रूरतेवरून घटस्फोट मागणाऱ्याने ती क्रूरता आधीच कन्डोन केलेली नाही ना, म्हणजे झालं गेलं विसरून पुन्हा संसाराला लागला नव्हता ना, हे कोर्ट पाहतं.

'कन्डेम'शी घोळ करू नका, तो अगदी उलट, निषेधाचा शब्द. नवी असताना मी एका अर्जात 'कन्डेम द डिले' टाइप केलं होतं. म्हणजे आमच्याच उशिराचा कोर्टाने धिक्कार करावा, अशी आमचीच विनंती. सही करायच्या आत वकीलसाहेबांच्या लक्षात आलं, नाहीतर काही खरं नव्हतं.

आता तुमचा मेल. व्याकरण बरोबर आहे, पण दहा मिनिटांच्या उशिरासाठी तो शब्द म्हणजे लग्नाच्या पंगतीत वकिलाचा काळा कोट. 'सॉरी, लोकल लेट होती, साडेदहापर्यंत पोचतो' पुरे. सरकारी नोकरीत असाल आणि सेवेत खंड पडला असेल, तर त्या अर्जात मात्र 'कन्डोन'च लिहा. मराठीत अर्ज करणार असाल तर 'सेवाखंड क्षमापित करावा'.