कात्री, अंगठा आणि पाच वर्षांचे मूल

प्रश्न : आम्ही फ्रँकफुर्टमध्ये राहतो. शेजारच्या जर्मन आजींनी माझ्या पाच वर्षांच्या मुलाला ‘श्ट्रुवेलपेटर’ हे जुने चित्रांचे पुस्तक प्रेमाने भेट दिले. त्यात अंगठा चोखणाऱ्या कोनराडचे दोन्ही अंगठे एक शिंपी मोठ्या कात्रीने कापून टाकतो. माझा मुलगाही अंगठा चोखतो आणि ते पान पाहिल्यापासून झोपताना दोन्ही मुठी उशीखाली दडवतो. आजी सांगतात की, त्या याच पुस्तकावर हसत हसत वाढल्या. पुस्तक काढून ठेवावे का?
– एक वाचक, फ्रँकफुर्ट

उत्तर : होय, सध्या काढून ठेवावे. मात्र आजींना दोष देऊ नये, कारण त्या खरेच सांगत आहेत. हे पुस्तक तुमच्याच शहरातले आहे. हाइनरिश हॉफमन हे फ्रँकफुर्टमधील डॉक्टर १८४४ च्या नाताळात आपल्या तीन वर्षांच्या मुलासाठी पुस्तक शोधायला निघाले आणि मनासारखे काही न मिळाल्यामुळे कोरी वही घेऊन घरी आले. तिच्यात त्यांनी स्वतःच पद्ये लिहिली, चित्रे काढली आणि १८४५ मध्ये ते सारे छापले गेले. गमतीदार गोष्टी, मजेदार चित्रे, तीन ते सहा वर्षांच्या मुलांसाठी, असे पहिल्या आवृत्तीच्या शीर्षकातच म्हटले होते.

गंमत आहे ती अतिशयोक्तीत. काड्या ओढून खेळणारी मुलगी जळून राख होते, तिचे बूट तेवढे उरतात आणि शेजारी बसलेल्या दोन मांजरांच्या आसवांचा ओढा वाहू लागतो. सूप नको म्हणणारा गुटगुटीत कास्पर चार दिवसांत काडीसारखा होतो आणि पाचव्या दिवशी मरतो. एवढ्याने कोणी मरत नाही, हे ज्याला पक्के ठाऊक आहे तोच यावर हसू शकतो. आठ-नऊ वर्षांच्या मुलाला ते ठाऊक असते. तुमचा मुलगा मात्र अजून कोनराडच्या जागी स्वतःला पाहतो आहे, कारण त्याच्या वयाला शिंपी खरा असतो, कात्री खरी असते आणि अंगठा तर त्याचा स्वतःचाच असतो. काही मुले याच वयात त्या पानावर खिदळतात, हेही खरे. पण तुमच्या मुलाने आपले उत्तर मुठी दडवून दिलेले आहे.

आपल्याकडेही चिमणी कावळ्याला तापल्या तव्यावर बसवते आणि त्याला चटका बसतो, मग ते कसे चालते, असे तुम्ही विचाराल. ती गोष्ट मांडीवर ऐकलेली असते. सांगणारी आजी नातवाचा चेहरा पाहून तवा कोमट करते, नाहीतर कावळ्याला वेळेवर उडवून लावते. छापलेल्या चित्राला अशी सोय नसते. रक्ताचे थेंब आणि अंगठे नसलेले दोन हात त्या पानावर तसेच राहतात, दिवा मालवल्यावरही.

पुस्तक त्याच्या नजरेआड ठेवा, पण फेकू नका. अंगठ्याची सवय सोडवण्यासाठी मात्र या शिंप्याचे नाव कधीही घेऊ नका. ‘थांब, तो शिंपी येईल’ असे घरातल्या मोठ्या माणसाने एकदा जरी म्हटले, तरी मुलाच्या लेखी पुस्तकातली गंमत संपते आणि धमकी खरी होते. तीन-चार वर्षांनी त्याने स्वतः ते मागितले, तर आजींच्याच शेजारी बसून वाचू द्या.

प्रश्न : माझ्या अकरा वर्षांच्या मुलीने मावसबहिणीकडून एडवर्ड गोरी या अमेरिकन लेखक-चित्रकाराचे ‘द गॅशलीक्रम टायनीज’ आणले आहे. इंग्रजी अक्षरमालेतील प्रत्येक अक्षराला त्यात एक मूल मरते आणि ती खुदुखुदु हसत असते. तीन महिन्यांपूर्वीच माझी आई गेली. मुलगी निष्ठुर तर होत नाही ना?
– एक वाचक, नाशिक

उत्तर : नाही. तिचे हसू आणि तिचे दुःख एकाच वेळी खरे असू शकतात.

१९६३ च्या या पुस्तकात सव्वीस मुले आहेत. अक्षरमाला आहे म्हणून ते बालवाडीतल्या मुलाच्या हाती देणे ही चूक ठरेल. विशेषतः छोटे खिळे गिळणारे एक आणि विषारी क्षार पिणारे दुसरे मूल त्यात असल्यामुळे, कारण लहान मुले पाहिलेले करून बघतात. अकराव्या वर्षी गोष्ट वेगळी असते. गोरी बहुतेक चित्रांत अनर्थाच्या आधीचा क्षण बारीक, दाट रेघांनी रेखाटतात. एक मुलगा दारापाशी हातात पुडके धरून उभा आहे, एवढेच दिसते. त्याच्या ठिकऱ्या उडाल्या हे खालची ओळ सांगते. आणखी एक तर केवळ कंटाळ्याने मरतो आणि खिडकीतून त्याचे अर्धेच डोके दिसते. चित्र आणि ओळ यांच्यातले हे अंतर तिला कळते, म्हणून तिला हसू येते. शिवाय यातले कोणीही तिच्या आजीसारखे तिच्या जवळचे नाही. आजीच्या मरणाकडे तिला अजून सरळ पाहवत नसेल आणि म्हणून ती या दूरच्या, खोट्या मरणांपाशी घुटमळत असेल, अशी शक्यता मला वाटते.

पुस्तक हिसकावून घेऊ नका. तिला सर्वांत जास्त आवडलेले पान दाखवायला सांगा आणि तुम्हाला हसू आले, तर तिच्यासोबत मोकळेपणाने हसा. तिची झोप किंवा जेवण बिघडले असेल, तर मात्र समुपदेशकांना भेटा. आणि पाने उलटता उलटता आजीचा विषय तिने स्वतःहून काढला, तर पुस्तक बाजूला ठेवून तिचे ऐकून घ्या. आईच्या आठवणीने तुमचे डोळे भरून आले, तर तेही तिच्यापासून लपवू नका.