वाचकांचे प्रश्न : ऑपेराचा गळा आणि अमेरिकेची जुनी गाणी

प्रश्न : संपादक महोदय, स. न. वि. वि. मी सांगलीत संगीत नाटके आणि मिरजेच्या दर्ग्यातल्या उरुसाचे गाणे ऐकत म्हातारा झालो. अमेरिकेतल्या माझ्या मुलाने नुकतेच तिकडच्या एका ऑपेरा-गायिकेच्या मैफलीचे ध्वनिमुद्रण पाठवले. पूर्वार्धातली जर्मन गीते ऐकून मन भरून आले. पण शेवटी ती १९३० च्या आसपासची अमेरिकी लोकप्रिय गाणी गाऊ लागली, तेव्हा बाळाला अंगाई म्हणताना कोणी सभेतल्यासारखा आवाज लावावा, तसे वाटले. असल्या तयार गळ्याने ही गाणी गाऊच नयेत, की माझाच कान कच्चा आहे?
— एक वाचक, विश्रामबाग, सांगली

उत्तर : आपला कान कच्चा नाही, मात्र आपण त्यावरून काढलेला निष्कर्ष मला पुरता मान्य नाही.

न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन ऑपेरात सुमारे ३,८०० आसने आहेत आणि गायकाला समोरच्या पूर्ण वाद्यवृंदाच्या वरून, मायक्रोफोनशिवाय, शेवटच्या रांगेपर्यंत पोहोचायचे असते. त्यासाठी वर्षानुवर्षे मेहनत करून, विशेषतः पुरुष गायक, आवाजात ३,००० हर्ट्झच्या (सेकंदाला तीन हजार कंपनांच्या) आसपास एक धार आणतात, कारण तिथे वाद्यवृंदाचा जोर ओसरलेला असतो. स्त्री-आवाजाची अडचण निराळी आहे : स्वर जसजसा वर चढतो, तसतसे तोंड अधिक उघडावे लागते आणि ‘इ’ काय, ‘ए’ काय, शब्दांतले सगळे स्वर ‘आ’कडे झुकू लागतात. जर्मन गीतांचे शब्द आपल्याला बहुधा कळत नसावेत, म्हणून तिथे हे खटकले नाही. इंग्रजी गाण्यात ते लगेच कानाला लागले.

तरीही ऑपेराचा गळा या गाण्यांच्या घरात आगंतुक आहे, असे म्हणता येत नाही. जेरोम कर्न, जॉर्ज गर्श्विन, रिचर्ड रॉजर्स या संगीतकारांची कितीतरी गाणी मुळात रंगमंचासाठी लिहिलेली होती, आणि त्या काळी ब्रॉडवेच्या, म्हणजे न्यूयॉर्कच्या व्यावसायिक रंगभूमीच्या, नटनट्यांपुढे मायक्रोफोन नसे. आपल्या मनात ठसलेली कुजबुजती, जवळिकीची गायकी १९२५ नंतर विजेवरचे ध्वनिमुद्रण आणि रेडिओ आल्यावर, बिंग क्रॉस्बीसारख्या गायकांनी रुजवली. सांगलीकराला हे परके वाटू नये. हरिपूरच्या देवलांची पदे पिटातल्या प्रेक्षकाला ऐकू जातील अशा खुल्या गळ्याने गायली जात. कानाशी गुणगुणल्यासारखे भावगीत पुढे रेडिओ आणि तबकड्यांबरोबर घरोघर पोहोचले. एझियो पिंझा हा इटालियन खर्ज-गायक मेट्रोपॉलिटनमध्ये वीसहून अधिक हंगाम गाजवून १९४९ मध्ये ब्रॉडवेवर ‘साउथ पॅसिफिक’ या संगीत नाटकात उभा राहिला, तेव्हा तो ज्या गळ्यासाठी भूमिका होती, तोच गळा घेऊन आला होता.

मग बिघडते कुठे? माझ्या मते शब्दाच्या शेवटाशी. ‘मून’ हा साधा शब्द घ्या. लोकप्रिय गाणी गाणारा गायक ‘ऊ’ आटोपता घेऊन ‘न’वर रेंगाळतो, स्वर सरळ ठेवतो आणि विरताविरता त्याला जरासा कंप देतो. ऑपेरा-गायिकेची तालीम नेमकी उलटी : ‘ऊ’ पहिल्यापासून कंपासह भरदार ताणायचा आणि ‘न’ अगदी शेवटी टेकवायचा. तेवढ्याने बोलणारी व्यक्ती जाऊन तिथे नुसता आवाज उरतो. जाणत्या गायिका म्हणून आधी गाण्याची पट्टी उतरवतात. रेने फ्लेमिंगने २००५ च्या ‘हाँटेड हार्ट’ या ध्वनिमुद्रणात तेच केले. तो खालचा, बोलता आवाज ऐकून ही ऑपेरातलीच का, असा प्रश्न पडतो. ती विद्यार्थिदशेत जॅझ गात असे, हे तिथे उपयोगी पडले. आणखी एक गोष्ट : चार तुकड्यांच्या, बत्तीस मात्राखंडांच्या मुख्य गाण्याआधी येणारा प्रास्ताविक भाग जॅझवाले पुष्कळदा गाळतात. मैफलीतले ऑपेरा-गायक तो आवर्जून गातात, आणि पदाआधीचा संवाद ऐकल्यासारखे गाण्याचे कारण कळते. ही त्यांची कमाई मला मोठी वाटते.

फसलेला प्रयोगही सांगतो. १९८४ मध्ये लिओनार्ड बर्नस्टाइनने स्वतःच संगीत दिलेले ‘वेस्ट साइड स्टोरी’ हे न्यूयॉर्कच्या गल्लीतल्या प्रेमाचे संगीत नाटक ऑपेरा-गायकांकडून ध्वनिमुद्रित करून घेतले. त्यात न्यूयॉर्कच्या पोराची गाणी स्पॅनिश होझे कारेरासने त्याच्या स्पॅनिश उच्चारांत गायली, आणि पोर्तो रिकोच्या मुलीची न्यूझीलंडच्या किरी ते कानावाने. आवाज दोन्ही देखणे. पण गल्लीतली ती दोन पोरे मला त्यात कुठे भेटत नाहीत.

आपण आता ऑपेरा-गायिका आयलीन फॅरेलचे ब्लूज, म्हणजे अमेरिकी कृष्णवर्णीयांच्या परंपरेतल्या दुःखाच्या गाण्यांचे, १९६० चे ध्वनिमुद्रण मिळवून ऐका. मेट्रोपॉलिटनमध्ये तिचे पदार्पण त्याच वर्षीचे, आणि तरी दोन्हीकडचा गळा तिने वेगळा ठेवला. त्यानंतर मुलाने पाठवलेले गाणे पुन्हा लावून एवढेच पाहा, की त्या बाईंनी पट्टी उतरवली होती का, आणि शब्द कुठे सोडला.