‘बिस्ट्रोमध्ये लंच घेतला’ की ‘बिस्त्रोत जेवलो’?

प्रश्न असा आहे : पुण्यातल्या एका मोठ्या हॉटेलात फ्रेंच बिस्ट्रो, म्हणजे फ्रेंच वळणाचं छोटं उपाहारगृह, आहे. तिथल्या जेवणाबद्दल ‘आम्ही हॉटेलमधील फ्रेंच बिस्ट्रोमध्ये लंच घेतला’ असं लिहिलं तर काही खटकतं का? बिस्ट्रो लिहावं की बिस्त्रो? तो, ती की ते? आणि सरळ ‘खानावळ’ म्हटलं तर काय बिघडलं?

आधी ट आणि त. फ्रेंच भाषेतले त आणि द आपल्यासारखेच दंत्य आहेत. जीभ दातांना टेकते. इंग्रजांची जीभ थोडी मागे, हिरडीपाशी टेकते आणि आपल्या कानाला तो आवाज ट वाटतो. त्यामुळे फ्रेंच शब्द इंग्रजीच्या दारातून आला की ट घेऊन येतो, थेट आला की त. रेस्टॉरंट आणि रेस्तराँ ही याच फरकामुळे झालेली एका शब्दाची दोन रूपं. तत्त्वज्ञानाच्या मराठी पुस्तकांत फ्रेंच तत्त्वज्ञांची नावं देकार्त, व्होल्तेर अशी त घेऊन आलेली दिसतात. म्हणून माझं मत बिस्त्रोच्या बाजूने. शास्त्र, वस्त्र, इस्त्री म्हणणाऱ्या जिभेला ‘स्त्र’ परका नाही. उलट तो इतका ओळखीचा आहे की ‘सहस्र’ लिहायचं तिथेही हात ‘सहस्त्र’ लिहितो. तो त तिथे आगंतुक आहे, बिस्त्रोत मात्र हक्काचा. एवढंच पथ्य पाळावं, की पाटीवर मालकाने ‘बिस्ट्रो’ लिहिलं असेल तर ते विशेषनाम आहे, त्याला हात लावू नये. आणि एका लेखात दोन्ही रूपं नकोत.

लिंगाचं उत्तर इतकं सरळ नाही. ओकारान्त परकी नामं मराठीत बहुधा पुल्लिंगी होतात : तो फोटो, तो रेडिओ, तो टेम्पो, तो स्टुडिओ. पण अर्थाची ओढही असते. मेट्रो ओकारान्त असूनही ‘ती’ झाली, कारण मनात गाडी आहे. तसं बिस्त्रो म्हणताना मनात हॉटेल किंवा उपाहारगृह असलं तर तोंडून ‘ते बिस्त्रो’ येतं, आणि ते चूक नाही. लिहिताना मी ‘तो बिस्त्रो’ निवडेन, स्टुडिओच्या नात्याने. विभक्तीही तशीच चालते : बिस्त्रोत, बिस्त्रोला, बिस्त्रोतला. ‘मध्ये’ची गरज नाही. घरात, शाळेत, हॉटेलात म्हणणारी भाषा परका शब्द दिसला की उगाच ‘मध्ये’ची कुबडी घेते.

शब्दाच्या जन्माची एक गोष्ट सगळीकडे ऐकायला मिळते. १८१४ साली पॅरिसमध्ये शिरलेले रशियन सैनिक दारूसाठी ‘बिस्त्रा, बिस्त्रा’, म्हणजे ‘लवकर, लवकर’ असं ओरडत, म्हणून त्या दुकानांना हे नाव पडलं. पॅरिसमधल्या माँमार्त्र टेकडीवरच्या एका जुन्या उपाहारगृहावर तशी पाटीही आहे. गोष्ट चांगली आहे, पण हा शब्द छापील फ्रेंचमध्ये पहिल्यांदा दिसतो तो १८८४ साली. रोजच्या वापरातला शब्द सत्तर वर्षं एकाही लेखणीखाली आला नाही, हे पटण्यासारखं नाही. फ्रान्सच्या पश्चिम भागातल्या बोलीत नोकर किंवा दारूवाल्याचा पोऱ्या अशा अर्थाचा जवळचा शब्द आहे. अभ्यासकांचा कल त्याच्याकडे अधिक दिसतो, पण निकाल लागलेला नाही.

आता खानावळ. छोटी जागा, मोजके पदार्थ, स्वयंपाक घरगुती वळणाचा, आज काय आहे ते फळ्यावर खडूने लिहिलेलं. एवढं वर्णन वाचलं तर दोन्हींचं जमतं. पण खानावळीला महिन्याचे मेंबर असतात, ताट ठरलेलं असतं आणि जेवून उठायचं असतं. बिस्त्रोत वाइन असते आणि निवांत बसणं असतं. शिवाय तारांकित हॉटेलातला बिस्त्रो हा मुळात साधेपणाचा थाट आहे. त्याला खानावळ म्हटलं तर विनोद होईल, भाषांतर होणार नाही. शब्द तसाच ठेवावा.

माझ्या मते या वाक्यातला अवघड शब्द बिस्त्रो नाहीच, हॉटेल आहे. फर्ग्युसन रस्त्यावरच्या ‘वैशाली’ला आपण हॉटेल म्हणतो, पण तिथे कोणी राहायला खोली मागत नाही. मराठीत हॉटेल म्हणजे खाण्याची जागा. राहायची ती लॉज. त्यामुळे ‘हॉटेलातला बिस्त्रो’ हे ‘हॉटेलातलं हॉटेल’ असं ऐकू येतं. ‘तारांकित हॉटेलातला बिस्त्रो’ म्हटलं की घोळ मिटतो. गंमत म्हणजे हॉटेल हाही फ्रेंचच. तिथे तो ‘ओतेल’, आणि त्याच्या ओ-वर एक टोपी असते. ती टोपी म्हणजे गळून पडलेल्या स-ची खूण. स परत घाला, हॉस्टेल मिळतं. हॉस्पिटलही त्याच लॅटिन घराण्यातलं. फ्रान्समध्ये ‘ओतेल द व्हील’ अशी पाटी दिसली तर सामान घेऊन आत जाऊ नये, ती नगरपालिकेची कचेरी असते.

कार्डावरच्या शब्दांत सर्वांत जास्त फसवतो तो ‘मेन्यू’. आपण मेन्यू म्हणजे पदार्थांची यादी समजतो. फ्रेंचमध्ये यादी म्हणजे ‘कार्त’, आणि ‘मेन्यू’ म्हणजे ठरलेल्या किमतीत ठरलेल्या क्रमाने येणारं पूर्ण जेवण, थोडक्यात थाळी. दुपारी त्याची छोटी आवृत्ती मिळते, ‘फॉर्म्युल’ : दोनच टप्पे, पहिला आणि मुख्य किंवा मुख्य आणि गोड. ही त्यांची राइस प्लेट. ‘प्ला द्यु झूर’ म्हणजे त्या दिवसाचा मुख्य पदार्थ. आपल्याकडच्या फळ्यावर ‘आजची भाजी’ असते तसा. ‘आ ला कार्त’ म्हणजे यादीतून एकेक निवडून, म्हणजे हिशेबही एकेकाचा. या दृष्टीने पाहिलं तर ‘मेन्यू कार्ड’ हा थाळी आणि यादी यांचा विचित्र समास आहे.

‘आँत्रे’ जपून मागावं. अर्थ प्रवेश, म्हणून फ्रान्समध्ये तो सुरुवातीचा हलका पदार्थ. अमेरिकी कार्डावर मात्र याच शब्दाखाली मुख्य पदार्थ असतात. जुन्या फ्रेंच मेजवानीत आँत्रे म्हणजे भाजलेल्या मोठ्या मांसाच्या आधी येणारा, पण स्वतःही भरपेट असा पदार्थ होता. फ्रेंचांनी त्याची जागा राखली आणि आकार कमी केला. अमेरिकनांनी आकार राखला. हॉटेलं दोन्ही पद्धती वापरतात, म्हणून शब्दापेक्षा किंमत पाहावी. आँत्रेच्या खाली ‘प्ला’ असेल आणि तो महाग असेल तर आँत्रे म्हणजे सुरुवात.

‘ओ ग्रातँ’ला तर मराठीत जवळजवळ तयार शब्द आहे : खरवड. ग्रातँ आलं ते खरवडणे या अर्थाच्या क्रियापदावरून, मूळ अर्थ भांड्याला चिकटलेला, खरवडून काढायचा खमंग थर. आज तो थर तळाशी नसून वर असतो, चीज किंवा पावाचा चुरा भाजून केलेला. शेवटी ‘देसेर’. हा शब्द टेबल आवरणे या अर्थाच्या क्रियापदावरून आला, म्हणजे ताटं उचलल्यावरचं गोड. श्रीखंड ताटातच वाढणाऱ्यांना हे चमत्कारिक वाटेल. पण पूर्वी फ्रेंच मेजवानीतही एका फेरीचे सगळे पदार्थ एकदम टेबलावर मांडत. एकामागून एक वाढायची रीत त्यांनी एकोणिसाव्या शतकात उचलली आणि तिला त्यांनीच रशियन पद्धत असं नाव दिलं. म्हणजे बिस्त्रोतला रशियन माणूस खरा असेल तर तो नावात नाही, वाढण्याच्या क्रमात आहे.

उच्चारांचं थोडक्यात : शेवटचं व्यंजन बहुधा मुकं (क्रवासाँ, प्ला), पण त्याच्यामागे मुका ए लिहिलेला असेल तर व्यंजन बोलतं (कीश, बागेत म्हणजे लांबट पाव, सलाद निस्वाज). नाकातल्या स्वराला चंद्रबिंदू द्यावा; नुसता अनुस्वार दिला की मराठी वाचक तिथे न् किंवा म् ऐकतो. शाकाहारी मंडळींसाठी शब्दांपलीकडचंही सांगायला हवं. कीश म्हणजे अंड्याचं सारण भरून भाजलेला खारा पाय; त्यातल्या कीश लोरेनमध्ये बेकन असतं, क्रोक मस्य या चीजच्या भाजलेल्या सँडविचमध्ये हॅम. कांद्याचं सूप परंपरेने गोमांसाच्या रश्शात करतात. इथे बहुधा बदललेलं असतं, तरी विचारावं. क्रेम ब्र्युले या गोड कस्टर्डमध्ये परंपरेने अंड्याचा बलक असतो, त्यानेच तो घट्ट होतो. रातातूय निर्धोक : वांगं, झुकिनी, सिमला मिरची, टोमॅटो, कांदा.

राहिलं ‘लंच घेतला’. चहा, सरबत, औषध आपण घेतो. जेवण घेत नाही, जेवतो. लंच हा शब्द ठेवायचाच असेल तर ‘लंच केलं’. फ्रेंचांचं दुपारचं जेवण ‘देझने’, शब्दशः उपास सोडणं, म्हणजे आपलं पारणं. पण ते पॅरिसमध्ये. कॅनडातल्या फ्रेंचभाषक क्वेबेकमध्ये देझने म्हणजे न्याहारी. तेव्हा वाक्य असं व्हावं : ‘दुपारी त्या तारांकित हॉटेलातल्या फ्रेंच बिस्त्रोत जेवलो.’

मात्र मागवलं काय होतं, त्यावर क्रियापद ठरेल. सूप, बागेत आणि वर एक कीश एवढंच झालं असेल तर पुण्यात त्याला ‘जेवलो’ म्हणत नाहीत. ‘बिस्त्रोत काहीतरी खाल्लं’ असं लिहावं.