३५०० केव्हीच्या मोटारला ४ सेलची लिपो (लिथियम पॉलिमर) बॅटरी चालेल का?

नका लावू. तुमच्या १/१० (खऱ्या गाडीच्या एक दशांश आकाराच्या) रिमोट कंट्रोल गाडीत ३ सेलवर मोटार चांगली चालतेय, तर तिथेच थांबा.

हिशोब साधा आहे: इथे केव्ही म्हणजे किलोव्होल्ट नव्हे, तर दर व्होल्टला मिळणारा आरपीएम (मिनिटाला फेरे). म्हणून केव्ही गुणिले व्होल्ट म्हणजे लोड नसतानाचा आरपीएम. ३ सेल फुल चार्ज १२.६ व्होल्ट, म्हणजे ४४,१००. ४ सेलला १६.८ व्होल्ट, थेट ५८,८००. वेग एक तृतीयांशानेच वाढला असं वाटतं, पण रोटरवरच्या (मोटारच्या फिरणाऱ्या भागावरच्या) मॅग्नेटला बाहेर फेकणारा जोर वेगाच्या वर्गात वाढतो, म्हणजे पावणेदोन पटीच्या वर. मॅग्नेट सुटला की मोटार गेलीच, बऱ्याचदा ईएससीही (मोटारचा वेग नियंत्रित करणारं सर्किट) जाते. चाकं हवेत धरून फुल थ्रॉटल तर कधीच देऊ नका. कंपनीने दिलेली कमाल आरपीएम मर्यादा आधी बघा.

लहान पिनियनने (मोटारच्या शाफ्टवरच्या छोट्या गिअरने) मोटारचा आरपीएम कमी होत नाही, फक्त लोड आणि उष्णता कमी होते. हा गैरसमज फार आहे.

सांगलीच्या एप्रिल-मेच्या उन्हात दुपारी गाडी काढूच नका. कृष्णेकाठच्या वाळूत तर मोटार आणखी तापते. दर पाच मिनिटांनी तापमान बघा. ८० अंशांच्या आसपास गेलं की थांबवा.

४ सेलच हवी असेल तर २५०० केव्हीची मोटार घ्या, ४२,०००वर राहाल. ईएससी मात्र ४ सेलची हवी.