कललेलं रोटर, दुधाळ काच

प्लॅस्टिकच्या किटमधून मॉडेल जोडणाऱ्यांच्या या वेळच्या टपालात हेलिकॉप्टरंच जास्त, आणि त्यातही एमआय-२४. त्यात नवल नाही. याच रशियन यंत्राच्या निर्यात आवृत्त्या, एमआय-२५ आणि एमआय-३५, भारतीय हवाई दलाने वापरल्या, त्यामुळे आपल्याकडे पहिलं लढाऊ हेलिकॉप्टर जोडणारा बरेचदा त्याच खोक्याला हात घालतो. विमानं जोडून हात बसलेला असला तरी हेलिकॉप्टर तीन ठिकाणी दगा देतं: रोटर, काच आणि शेपटीचं वजन. पत्रंही मुख्यतः त्यांचीच आहेत.

१/७२ चं (खऱ्याच्या बहात्तराव्या भागाएवढं) एमआय-२४ जोडलं. समोरून पाहिलं की मुख्य रोटर एका बाजूला कललेलं दिसतं. दांड्याचं भोक पुटीने भरून पुन्हा सरळ पाडू का? (सांगली)

पुटी आधी बाजूला ठेवा. खऱ्या एमआय-२४ चं रोटर कललेलंच असतं, वैमानिकाच्या उजवीकडे अडीच अंश. कारण शेपटीच्या रोटरमध्ये आहे. मुख्य रोटर वरून पाहता घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने फिरतं, म्हणजे धड उलट दिशेला वळू पाहतं. ते थोपवायला शेपटीचं रोटर शेपूट डावीकडे ढकलतं, आणि त्या धक्क्याने अख्खं हेलिकॉप्टरच डावीकडे सरकू लागतं. मुख्य रोटर उजवीकडे कललेलं ठेवून ते सरकणं मारलेलं आहे.

आता मोजून पाहा. रोटरचा खरा व्यास १७.३ मीटर, म्हणजे १/७२ मध्ये २४० मिमी. अडीच अंशांचा कल एवढ्या व्यासावर साधारण १० मिमी होतो. पाती सरळ असतील तर उजवं टोक डाव्यापेक्षा एवढं खाली दिसायला हवं. मात्र समोरून पाहताना वैमानिकाची उजवी ती तुमची डावी. रोटर तुमच्या डावीकडे खाली असेल तर किट बरोबर आहे. तुमच्या उजवीकडे असेल तर जोडणीत काहीतरी तिरकं बसलंय.

काही जुन्या किटांमध्ये हा कल दिलेलाच नसतो. दांड्याची बैठक १० मिमी रुंद असेल तर तिच्या डाव्या कडेखाली ०.४ मिमी जाडीची प्लॅस्टिकची पट्टी सरकवा. तेवढ्याने काम होतं.

पाचही पाती सारखी झुकत नाहीत. मेणबत्तीवर धरून वाकवली तर एक पातं वितळलं. आणि पात्याची पुढची कड कोणती, हे कसं ओळखायचं? (जळगाव)

आधी कड, कारण झुकवण्यापूर्वी ती ठरली पाहिजे. पात्याची जाड, गोलसर कड पुढे आणि पातळ कड मागे. नाकावर येणारं पातं धरून पाहा. एमआय-२४ चं रोटर घड्याळाच्या दिशेने फिरतं, म्हणून त्या पात्याची जाड कड वैमानिकाच्या उजवीकडे असते. व्हिएतनाम युद्धातलं अमेरिकन ह्यूई हेलिकॉप्टर करत असाल तर नेमकं उलटं, तिथे जाड कड डावीकडे. प्रदर्शनात मांडलेल्या मॉडेलमध्ये सर्वांत जास्त दिसणारी चूक हीच, आणि एकदा दिसली की नजर दुसरीकडे जात नाही.

मेणबत्ती नकोच. किटचं पॉलिस्टायरीन शंभर अंशांच्या अलीकडेच मऊ पडतं आणि ज्योत त्याच्या कितीतरी पुढे असते. पाणी उकळा, गॅस बंद करा, दोन मिनिटं जाऊ द्या. दरम्यान जाड पुठ्ठ्यावर हवा तो बाक पेन्सिलीने काढून कापून घ्या. मुळाकडचा एक तृतीयांश भाग सरळ, कारण तिथली पकड ताठ असते. पुढे हळूहळू उतार आणि टोकाशी साधारण ५ ते ७ मिमी खाली. पातं चिमट्याने मुळाशी धरून पाण्यात १०-१५ सेकंद बुडवा, लगेच पुठ्ठ्याच्या बाकावर दाबा आणि तसंच गार पाण्यात घाला. पाचही पात्यांना पुठ्ठा तोच, म्हणजे फरक राहत नाही. मुळापाशीच काटकोनात मोडल्यासारखा बाक आला असेल तर पातं पुन्हा बुडवा. ते बरंचसं मूळ आकारावर येतं.

चिकटवताना कागदावर वर्तुळ काढून कोनमापकाने ७२ अंशांवर पाच रेषा मारा, मध्यभागी टाचणीवर हब, म्हणजे पाती जिथे जोडतात तो मधला तुकडा, बसवा आणि पाती रेषांवर टेकवून चिकटवा. डोळ्याच्या अंदाजाने लावलं तर शेवटच्या पात्याला हमखास जागा कमी पडते. रोटर धडाला चिकटवू नका. दांडा नुसता भोकात बसू द्या. एसटीतून प्रदर्शनाला नेताना त्याचं मोल कळेल.

कॉकपिटची काच चिकटवली आणि दुसऱ्या दिवशी आतून दुधासारखी पांढरी झाली. पुसताही येत नाही. (डोंबिवली)

काच झटपट चिकटणाऱ्या सायनो गोंदाने लावली असणार. तो सुकताना त्याची वाफ निघते आणि बंद जागेत ती काचेवर, बोटांच्या ठशांवर तर सर्वांत आधी, पांढरी बसते. एमआय-२४ ला दोन फुगीर काचा, पुढे तोफची आणि मागे थोडा उंच बसलेला वैमानिक. आत हवा कोंडलेली, म्हणून हे हमखास होतं.

थर वरवरचा असेल तर वाचतो. काच उचकटता आली तर २००० आणि मग ३००० नंबरच्या पॉलिश पेपरने पाण्यात घासा, साध्या पांढऱ्या टूथपेस्टने चकाकी आणा, धुवा, पूर्ण वाळवा. मग ॲक्रिलिक ग्लॉस वॉर्निशमध्ये बुडवून कडेचा थेंब कागदाला टेकवून टिपा आणि उलट्या डब्याखाली २४ तास ठेवा. त्या वॉर्निशच्या थराने बारीक ओरखडे भरून निघतात.

पुन्हा लावताना पांढरा लाकडी गोंद वापरा. टूथपिकने कडेला बारीक रेघ ओढा. बाहेर आलेला गोंद सुकण्याआधी ओल्या ब्रशने निघतो. पकड कमी वाटते, पण काचेवर जोर येतच नाही.

काचेच्या चौकटी रंगवताना क्रम महत्त्वाचा. टेप लावून आधी आतला रंग मारा. रशियन कॉकपिट निळसर हिरवं, फिरोजी असतं. सुकल्यावर त्यावरच बाहेरचा रंग. म्हणजे काचेतून आत पाहिलं की चौकटीची आतली बाजूही फिरोजीच दिसते. फुगीर भागावर टेपचा मोठा तुकडा बसत नाही, सुरकुत्या पडतात आणि रंग आत शिरतो. चौकटीच्या कडेने १ मिमी रुंदीच्या पट्ट्या लावा आणि मधला भाग लिक्विड मास्कने, म्हणजे सुकल्यावर सोलून निघणाऱ्या द्रवाने, भरा.

मॉडेल शेपटीवर बसतं. नाकात शिसं घातलं, पांढऱ्या गोंदाने पक्कंही केलं. (कोल्हापूर)

वजन बरोबर, गोंद धोक्याचा. शिसं आणि पांढरा गोंद बंद जागेत एकत्र राहिले की गोंदातून निघणाऱ्या ॲसिडने शिशावर पांढरी भुकटी चढते. ती मूळ शिशापेक्षा जास्त जागा मागते, त्यामुळे हळूहळू, कधी दोन-तीन वर्षांनी, नाकाचा सांधा फुगून उकलतो. जमत असेल तर आत्ताच काढा. गळाच्या शिशाच्या गोळ्या घालायच्याच असतील तर इपॉक्सीत पक्क्या करा. त्यापेक्षा पितळी नट किंवा सायकलच्या बेअरिंगच्या गोळ्या बऱ्या.

किती वजन? १/७२ ला १० ते १५ ग्रॅम, १/४८ ला साधारण २५ ते ३०. हा अंदाज झाला. खरी परीक्षा वेगळी: धड टेपने जोडा, शेपटीचं रोटर आणि पंखांखालची शस्त्रंही टेपनेच लावा, मुख्य चाकांच्या जागी दोन बोटं धरून तोला. नाक सावकाश खाली आलं की त्यात आणखी दोन ग्रॅम घाला, कारण रंग आणि पुटीचं वजन अजून यायचंय. वजन तोफचीच्या जमिनीखाली आणि शक्य तितकं पुढे. मधल्या कक्षात टाकलेलं वजन उपयोगाचं नाही, उलट दारं उघडी ठेवली तर दिसतं.

खोक्यावर एमआय-२४व्ही लिहिलंय. यातून श्रीलंकेत शांतिसेनेबरोबर गेलेलं एमआय-२५ होईल का? (पुणे)

सरळ होणार नाही. एमआय-२५ ही एमआय-२४ च्या ‘डी’ प्रकाराची निर्यात आवृत्ती, एमआय-३५ ही ‘व्ही’ची. पंखांची टोकं पाहा: डीवर फालांगा क्षेपणास्त्रांसाठी उघड्या पट्ट्या, व्हीवर श्टुर्म क्षेपणास्त्रांच्या नळ्या. ते सुटे भाग मिळत नसतील तर एमआय-३५ करा, तेही भारतीयच आहे. हवाई दलाच्या गोल तिरंगी चिन्हाचा क्रम बाहेरून केशरी, पांढरा आणि मध्ये हिरवा. हवाई दलाच्या हेलिकॉप्टरांचा क्रमांक ‘झेड’ने सुरू होतो.

पावसाळ्यात मॅट वॉर्निश मारलं की हिरवा रंग पांढुरका होतो. डबा खराब आहे का? (रत्नागिरी)

डबा बहुधा चांगला आहे, हवा ओली आहे. वॉर्निशमधला द्रावक उडताना पृष्ठभाग थंड पडतो आणि हवेतली ओल त्यावर धरते, अगदी गार पाण्याच्या तांब्यावर धरते तशी. ती थरात अडकली की पांढुरकेपणा येतो. कोकणात जुलैमध्ये भर दुपारीही हे होतं. एसी असलेल्या खोलीत तासभर मॉडेल ठेवून तिथेच मारा, किंवा पावसाने दोन दिवस उघडीप द्यायची वाट पाहा. स्प्रेचा डबा कोमट पाण्यात पाच मिनिटं उभा ठेवा. कोमट म्हणजे कोमटच, उकळतं पाणी घेतलं तर डबा फुटेल. एअरब्रश, म्हणजे हवेच्या दाबाने रंग फवारणारं पेन, असेल तर कॉम्प्रेसरवरचा ओल टिपणारा सापळा दर दहा मिनिटांनी रिकामा करा.

झालेला पांढरेपणा बहुतेक वेळा जातो. कोरड्या दिवशी वरून ग्लॉसचा पातळ हात मारा, रंग खोल दिसू लागेल, मग पुन्हा मॅट. न जाणारा दुसरा प्रकार म्हणजे डबा नीट न हलवल्याने मॅटची पूड तळाशी राहून शेवटी एकदम बाहेर येते. पूर्ण दोन मिनिटं हलवा, डब्यातल्या गोळीचा आवाज मोकळा ऐकू आला पाहिजे.

एअरब्रश परवडत नाही. ब्रशने मारताना दुसऱ्या हाताला पहिला रंग सुटून येतो. (नागपूर)

तुमचा रंग अल्कोहोलवर आधारलेला ॲक्रिलिक दिसतो. दुसऱ्या हातातलं अल्कोहोल खालच्या हाताला पुन्हा विरघळवतं. ब्रशसाठी पाण्यावरचे ॲक्रिलिक घ्या, दुधाएवढे पातळ करा आणि तीन-चार हात द्या, दोन हातांमध्ये तासभर. पहिला हात डागडाग दिसेल, त्याला हात लावू नका. पाण्यावरच्या रंगात अल्कोहोल मात्र कधी घालू नका, दही नासल्यासारखा फाटतो.

शेपटीच्या दांड्यावरचा सांधा घासून सपाट केला, प्राइमर मारला, आणि आठवड्याने रेघ परत दिसू लागली. (इंदूर)

घाई. द्रावक गोंदाने विरघळलेलं प्लॅस्टिक दोन-तीन दिवस आकसत राहतं. तुम्ही फुगलेला सांधा घासलात, नंतर तो खाली बसला. जोडल्यावर ४८ तास थांबा. पुटीही एका जाड थरात भरली तर आकसते, दोन पातळ थर द्या. भराव सायनोचा असेल तर उलट, तासाभरात घासा, उशिराने तो प्लॅस्टिकपेक्षा कडक होतो आणि कानस बाजूचं प्लॅस्टिक खाते.

नौदलाचं चेतक करायचं आहे. ॲल्युएट-३ चं किट चालेल? (वास्को)

चालेल. चेतक म्हणजे हिंदुस्तान एरोनॉटिक्सने (एचएएल) परवान्याखाली बांधलेलं ॲल्युएट-३. रोटरचा व्यास ११.०२ मीटर, १/७२ मध्ये १५३ मिमी. तीन पाती, फिरणं घड्याळाच्या दिशेने. पुढचा भाग जवळपास सगळा काचेचा, त्यामुळे आसनं, पट्टे आणि उपकरणांचा फलक धड बंद करण्याआधीच पूर्ण करा. आसनांच्या पट्ट्यांसाठी मास्किंग टेपच्या १ मिमी रुंद चिरफळ्या कापल्या तरी पुरे.

अफगाणिस्तानातलं सोव्हिएत एमआय-२४ करतो आहे. काजळी किती आणि कुठे? (ठाणे)

इंजिनांच्या नळ्यांपासून मागे, धडाच्या वरच्या बाजूंनी शेपटीकडे. नळ्यांवर धग कमी करणारी पेटीसारखी खोकी लावली असतील तर काजळीचा पट्टा वेगळा पडतो, तेव्हा आधी तुमचं यंत्र खोकी असलेलं की नसलेलं ते ठरवा. काळा रंग नको, गडद तपकिरीत थोडा काळा घ्या. तो जवळजवळ पाण्यासारखा पातळ करा आणि नळीपासून मागे जाताना प्रत्येक हात मागच्याहून आखूड मारा. नळीशी गडद, मागे विरत गेलेलं. सगळीकडे सारखं मारलं तर करपलेल्या पोळीसारखं दिसतं.

धूळ अंगावर खालून चढते, कारण रोटर ती जमिनीवरून उडवतं. चाकं, पोट आणि दारांची खालची अर्धी पानं धुळकट, वरचा भाग उन्हाने फिका. पात्यांच्या पुढच्या कडांचा रंग वाळूने झिजून जातो. तिथे टोकाकडच्या एक तृतीयांश लांबीत कोरड्या ब्रशने स्टीलचा रंग हलकाच ओढा, मुळाकडे अजिबात नको.