वाचकांचे प्रश्न : भाच्यांना घरी आणायचंय, पण नुसत्या तारखा मिळताहेत

प्रश्न : ताई, मी तापीकाठच्या गावातला, नाव-गाव छापू नका. बहीण वारली, दाजी ऊसतोडीला गेले ते परत आलेच नाही, फोनपण लागत नाही. दोघं भाचे घरात एकटेच म्हणून कोणीतरी १०९८ ला (मुलांसाठीची हेल्पलाइन) फोन केला आणि पावसाळ्याच्या तोंडावर त्यांना बालगृहात नेलं, मी तेव्हा सुरतला कामाला होतो. दिवाळी झाली तरी पोरं तिथेच. अशा पोरांचा निर्णय घेणारी बाल कल्याण समिती, तिच्याकडे गेलो की पुढची तारीख देता, कधी म्हणता गृहचौकशीचा रिपोर्ट आला नाही, कधी म्हणता मेंबर नाही, एकदा तर तोंडावर बोलले की तुझं पत्र्याचं घर, तू काय सांभाळशील. प्रत्येक खेपेला कापूस वेचणीची मजुरी बुडते. भेटायला गेलो तर धाकटा शर्टाचं टोक सोडेना, "मामा, आमले घर लई चाल" एवढंच म्हणत होता. तक्रार केली तर पोरांना त्रास होईल का?

उत्तर : भाऊ, आधी ते पत्र्याचं घर बाजूला ठेवा. २०१५ च्या बाल न्याय कायद्यात, कलम ३ मध्येच लिहिलंय की मुलाला संस्थेत ठेवणं हा शेवटचा पर्याय आणि मुलाची पहिली जबाबदारी कुटुंबाची. गरिबीवर उपाय म्हणून शासनाची बालसंगोपन योजना आहे, पात्र ठरलात तर एका मुलामागे महिन्याला २,२५० रुपये मिळतात, आणि जी समिती तुम्हाला पत्र्याचं घर ऐकवते तिनेच खरंतर हा अर्ज तुमच्याकडून भरून घ्यायला पाहिजे होता. याचा मला मनापासून राग येतो.

आता तारखांचं. कायद्याप्रमाणे समिती महिन्यातून किमान २० दिवस बसायला पाहिजे, सामाजिक तपासणी (गृहचौकशी त्यातच येते) १५ दिवसांत आणि शेवटचा आदेश मूल पहिल्यांदा हजर केल्यापासून ४ महिन्यांत व्हायला पाहिजे. तुमचे चार महिने कधीच उलटलेत. म्हणून आता तोंडी विनवण्या बंद. साध्या कागदावर लिहा, मी सख्खा मामा, मुलांचा ताबा मागतोय, गृहचौकशी कोणत्या तारखेला झाली किंवा का झाली नाही ते लेखी कळवा, आणि दुसऱ्या प्रतीवर आवक-जावकचा शिक्का घेतल्याशिवाय तिथून हलू नका. सोबत आधार, रेशनकार्ड, बहिणीचा मृत्यूचा दाखला आणि नातं दाखवणारा एखादा कागद जोडा.

तरी हलले नाहीत तर कलेक्टर. २०२१ च्या दुरुस्तीनंतर (ती १ सप्टेंबर २०२२ पासून लागू झाली) समितीच्या कामाबद्दलची तक्रार ऐकायचा अधिकार जिल्हाधिकाऱ्यांकडे आहे, मुलाशी संबंधित कोणीही ती करू शकतं आणि दोन्ही बाजू ऐकून त्यांनी आदेश द्यायचा असतो. पेंडिंग केसेसचा आढावाही त्यांच्याकडे जातो, आणि निर्देश देऊन तीन महिने झाले तरी केसेस तुंबलेल्याच राहिल्या तर सरकारने समिती बरखास्त करून नवी नेमायची अशी तरतूद आहे. समितीचा आदेश विरोधात गेला तर ३० दिवसांत बाल न्यायालयात अपील करता येतं. मुलांच्या केसला वकील जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून फुकट मिळतो, १५१०० वर फोन करा.

भीतीबद्दल विचारलंत, ती मी उडवून लावणार नाही. २०१८ मध्ये बिहारमधल्या मुझफ्फरपूरच्या बालिकागृहातले अत्याचार बाहेर आले ते टाटा सामाजिक विज्ञान संस्थेच्या टीमने सोशल ऑडिट करताना मुलींचं ऐकून घेतलं म्हणून, आणि ते गृह सरकारी पैशावर चालत होतं. आपल्याकडेही प्रत्येक बालगृहाची तीन महिन्यांतून एकदा तपासणी बंधनकारक आहे, टीममध्ये कमीत कमी तिघं, त्यात एक बाई आणि एक डॉक्टर. पण आधी कळवून आलेल्या तपासणीत पोरांच्या अंगावर नवे कपडे आणि ताटात गोड एवढंच दिसणार. तपासणी न सांगता व्हावी, मुलांशी स्टाफला बाहेर ठेवून बोलावं आणि रिपोर्ट मुलांची नावं झाकून लोकांसमोर ठेवावा, ही मागणी आपण खान्देशातल्या तिन्ही जिल्ह्यांतून लावून धरली पाहिजे. तपासण्या कोणत्या तारखांना झाल्या, समिती किती दिवस बसली, हे १० रुपयांच्या माहिती अधिकाराच्या अर्जात कोणीही विचारू शकतं. तुम्ही तक्रारीत एवढं नक्की लिहा की मुलांना काही झालं तर जबाबदारी कोणाची ते आत्ताच कळवा. भेटी चुकवू नका, ज्या पोराला भेटायला माणूस येतो त्याच्याकडे स्टाफचंही लक्ष राहतं.

प्रश्न : मी सातपुड्याच्या पायथ्याशी शिक्षक आहे. दिवाळीनंतर अर्धा वर्ग आईबापासोबत ऊसतोडीला गुजरातमध्ये जातो. गावात बाल संरक्षण समिती आहे म्हणतात, मी तिची एकही मिटिंग पाहिली नाही. काय करू?

उत्तर : सर, ग्रामसभेत विषय घ्यायला लावा आणि ठराव प्रोसिडिंगला लिहून घ्या. समितीत सरपंच आणि अंगणवाडीताई असतात, त्यांच्यासोबत गाड्या निघायच्या आधी यादी करा, कोण जाणार, कोणाची पोरं आजीकडे राहणार, कोणाला कोणीच नाही. या यादीवर गटशिक्षणाधिकाऱ्यांकडे हंगामी वसतिगृह मागता येतं, म्हणजे पोरं गावातच राहतील, शाळा बुडणार नाही आणि बालगृहात जायची वेळ येणार नाही. मागणी पावसाळ्यातच पाठवा, दिवाळीला पाठवली तर मंजुरी येईपर्यंत गाड्या निघून गेलेल्या असतात.