बिलात सुटलेली वस्तू दुकानात परत जाऊन सांगायची कशी?

प्रश्न असा आहे: सुपरमार्केटमधून महिन्याचा किराणा आणला. घरी बिल पडताळताना लक्षात आलं की तुपाचा एक लिटरचा डबा बिलात धरलेलाच नाही. जाऊन सांगायचं आहे, पण उलट आपल्यावरच चोरीचा आळ आला तर? आणि पैसे द्यायचे कोणाला?

जा, आणि जमलं तर आजच जा. आळ येत नाही. आपणहून बिल घेऊन आलेल्या माणसाला कोणी चोर समजत नाही. मात्र निघण्याआधी एक गोष्ट नीट समजून घ्या. चूक बिलात झाली आहे की गल्ल्यात? दोन्हींचा उपाय एकमेकांच्या अगदी उलट आहे आणि प्रामाणिक माणसंही घोळ घालतात ते इथेच.

तुमची चूक बिलातली आहे. म्हणजे त्या काउंटरचा गल्ला संध्याकाळी बरोबर जुळणार, कारण जेवढं बिल झालं तेवढे पैसे जमा झाले. कमी पडला आहे तो माल. सिस्टिममध्ये तुपाचा एक डबा शिल्लक दिसतो आणि फळीवर तो नाही. अशा वेळी कॅशियरच्या हातावर नुसते पैसे ठेवलेत तर भलतंच होतं: माल तर कमी आहेच, वर गल्ल्यात बिनबिलाचे पैसे जास्त. एका तफावतीच्या दोन होतात. शिवाय बिल न करता पैसे घेणारा कॅशियर कॅमेऱ्यात कसा दिसेल, याचाही विचार करा. म्हणून त्या एका डब्याचं स्वतंत्र बिल करून घ्या. जुनं बिल झालं की ते बंद होतं, त्यात नंतर ओळ घालता येत नाही. त्यामुळे ‘आधीच्या बिलात घाला’ असा आग्रह धरू नका.

जाताना डबा आणि मूळ बिल दोन्ही न्या. डबा घेऊन थेट आत शिरू नका. दारावरच्या सुरक्षारक्षकाला आधी दाखवा आणि एवढंच म्हणा, ‘दादा, हा डबा मघाशी बिलात यायचा राहिला, बिल करायला आणलाय.’ तो ग्राहक सेवेच्या टेबलाकडे पाठवेल. तिथे ‘तुमच्या माणसाने चूक केली’ अशी सुरुवात नको. ‘हा बिलात आला नाही’ म्हटलं की पुरतं. चूक कोणाची हे त्यांना बिलावरच्या काउंटर नंबरावरून आणि वेळेवरून कळतंच, आपण पाचजणांसमोर ओरडून सांगायची गरज नसते. नवीन बिलावर दारात शिक्का मारून घ्या आणि दोन्ही बिलं महिनाभर ठेवा.

गल्ल्यातली चूक वेगळी. बिल बरोबर आहे, पण मोड जास्त आली. इथे माल जुळतो आणि रोकड कमी पडते. बऱ्याच दुकानांत पाळी संपताना कमी पडलेली रक्कम त्या काउंटरवरच्या मुलाने किंवा मुलीने स्वतः भरायची असते. म्हणून हे पैसे नव्या बिलाशिवाय, त्याच काउंटरला, पाळी संपायच्या आत पोचायला हवेत. दुसऱ्या दिवशी दिलेत तर कालची तूट कालच्या माणसाच्या नावावर पडून गेलेली असते, आणि आजचे जास्तीचे पैसे तिथपर्यंत पोचतीलच याची खात्री नसते. उशीर झालाच तर पर्यवेक्षकाला तारीख, वेळ आणि काउंटर नंबर सांगून द्या. एक बारीक गोष्ट: बऱ्याच ठिकाणी पुढचं बिल झाल्याशिवाय गल्ल्याचा खण उघडत नाही. कॅशियरने ‘दोन मिनिटं थांबा’ म्हटलं तर तो टाळत नसतो.

मोड का चुकते? बहुतेक वेळा विसाच्या आणि दोनशेच्या नोटेमुळे. दोनशेची पिवळी, २०१९ साली आलेली विसाची हिरवट पिवळी; ट्यूबलाइटखाली, घाईत, घडी पडलेल्या नोटा सारख्याच वाटतात. विसाची लांबीला १२९ मिलिमीटर, दोनशेची १४६, पण गर्दीत कोण मोजतंय. पाठ पाहिली की लगेच कळतं: विसाच्या मागे वेरूळचं लेणं, दोनशेच्या मागे सांचीचा स्तूप. गल्ल्यावर मुरलेल्या माणसाला संध्याकाळी नेमके १८० रुपये कमी आले की आधी हीच शंका येते. तसंच ५४० च्या जागी ४५० लिहिलं की फरक ९० चा पडतो. आकडे उलटे झाले किंवा शून्य सुटलं की फरकाला नेहमी ९ ने भाग जातो. फरक ५०० चा असेल तर करकरीत नोटा चिकटून गेल्या असं समजा.

आता जी चूक वाटते पण नसते, तिच्याविषयी, कारण नको तिथे प्रामाणिकपणा दाखवून लोक रांग अडवतात. छापील किमतीपेक्षा बिलात कमी लागलं म्हणजे चूक झाली असं नाही. छापलेली किंमत ही कमाल किंमत, त्याखाली कितीलाही विकता येतं. २२ सप्टेंबर २०२५ पासून जीएसटीचे दर बदलले, तेव्हा जुन्या छपाईचा माल कमी दराने विकला गेलाच. दोन वेगळ्या स्वादांची बिस्किटं एकाच नावाने दोनदा लागली आणि किंमत सारखीच असेल, तर तुमच्या पैशात फरक नाही, सोडून द्या.

पण अख्ख्या काजूच्या पिशवीवर तुकड्याचं लेबल लागलं असेल, तर ती खरी चूक आहे. सुट्या मालाला वजनकाट्यावर हाताने कोड टाकावा लागतो आणि एक आकडा चुकला की दुसराच माल निघतो. त्याला नुसती फरकाची रक्कम देऊन भागत नाही. आधी तुकडा काजू परत घेतल्याची नोंद, मग अख्ख्याचं नवीन बिल, असं दोन टप्प्यांत होतं. पंधरा मिनिटं हाताशी ठेवा. तीच गोष्ट एका बारकोडला दोन छापील किमती असतात तेव्हाची: पडदा ‘कोणती?’ विचारतो आणि घाईत जुनी, कमी किंमत निवडली जाते.

गल्लीतल्या वाण्याकडे हे सगळं सोपं असतं. तिथे यादीची बेरीज कागदावर होते आणि चूक बहुधा हातच्याची असते. यादी परत नेऊन ‘काका, इथला हातचा राहिला बघा’ म्हणायचं. रोख द्या किंवा वहीत चढवा. रक्कम लहान म्हणून सोडू नका. समजा दुकानदाराला विक्रीवर १० टक्के सुटतात आणि ३०० रुपयांची वस्तू फुकट गेली. खरेदीचे २७० बुडाले. ते भरून काढायला त्याला २७०० चा माल विकावा लागेल.

दुकान लांब असेल तर बिलावरच्या नंबरावर फोन करून बिल क्रमांक सांगा. ‘पुढच्या वेळी आलात की करू’ म्हणाले तर ठीक. यूपीआयने पाठवायला सांगितलं तर दुकानाच्या नावाच्या क्यूआरवरच पाठवा, कर्मचाऱ्याच्या खासगी नंबरावर नाही, आणि बिलाचा फोटो मागा. दुकानाने परतावा दोनदा पाठवला असेल तर एसएमएसवर विसंबू नका. बँकेच्या ॲपमध्ये खात्यात खरंच जमा झालेत का ते पाहा आणि १२ आकडी व्यवहार क्रमांक टिपून मगच परत करा. ‘चुकून पैसे आले, या नंबरावर परत करा’ असा अनोळखी फोन आला तर मात्र पैसे न पाठवता बँकेला कळवा. तो फसवणुकीचा जुना प्रकार आहे.

ऑनलाइन मागवलेल्या सामानात जास्तीची वस्तू आली तर तिचा आणि वेष्टनावरच्या चिठ्ठीचा फोटो काढून ॲपमधल्या मदतकक्षात लिहा. नेण्याचा खर्च त्यांचा, तुम्ही भरू नका. ‘ठेवून घ्या’ असं उत्तर आलं तर त्याचा स्क्रीनशॉट ठेवा. न मागवता आलेली वस्तू आपलीच, असं नेटवर वाचायला मिळतं. तो अमेरिकेतला नियम आहे, आणि तोही खरोखर न मागवता पाठवलेल्या मालापुरता. आपल्याकडे १८७२ च्या करार कायद्याचं कलम ७२ स्पष्ट आहे: चुकून दिलेले पैसे किंवा वस्तू परत करायची. भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१४ मध्ये अप्रामाणिकपणे दुसऱ्याची मालमत्ता वापरणं हा गुन्हा आहे. आपलीच समजून वस्तू आणली तर दोष नाही; चूक कळल्यावरही ती बदनीयतीने वापरली तर आहे. म्हणजे तुम्ही परत जाताय त्यात धोका नाही.

डबा उघडून तूप वापरायला घेतलं असेल तरी अडत नाही. बारकोडचा स्पष्ट फोटो काढून न्या, खालचे १३ आकडे दिसायला हवेत. भारतीय कंपनीचा डबा असेल तर ते बहुधा ८९० ने सुरू होतील. काउंटरवर ते आकडे हाताने टाकूनही बिल निघतं.